वडिलांचं एक मत

माझे वडील नाशकात शाळामास्तर होते, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी इतक्या निवडणुका पार पाडल्या की सरकार त्यांच्याशिवाय बदलूच शकत नाही, असं मला वाटायचं. कधी पेठ, कधी सुरगाणा, कधी देवळा. आदल्या दिवशी मतपेटी घेऊन एसटीनं निघायचे, परत यायचे ते आवाज बसलेला आणि पायांना सूज. मतपत्रिका उभी घडी घालून द्यायची, नाहीतर ओल्या शिक्क्याची शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटते आणि मत बाद होतं, हे ते प्रत्येकाला करून दाखवायचे. पेठकडच्या एका म्हातारीनं त्यांना एकदा विचारलं होतं, "गुरुजी, आमची बोटं काळी केली. तुमचं कोरंच हाय की!"

कोरंच होतं. मतदानाच्या दिवशी ते ड्युटीवर, म्हणून त्यांनी मत द्यायचं ते टपालानं. मतपत्रिका लहान पाकिटात, सहीचं घोषणापत्र बाहेरच्या मोठ्या पाकिटात. एका वर्षी पत्रिका मतमोजणीनंतर आली. दुसऱ्या वर्षी वेळेवर आली, तर त्यांनी घोषणापत्रही लहान पाकिटात घालून डिंकानं चिकटवलं. म्हणजे मत बाद. हे त्यांच्या लक्षात आलं ते टपालपेटीत टाकल्यावर. उत्तरपत्रिकेवर नाव चुकीच्या जागी लिहिलं म्हणून मुलांचे गुण कापणारा माणूस. दोन दिवस घरात कुणी हसलं नाही.

पुढच्या खेपेला लोकसभेचा एक उमेदवार आमच्या गल्लीत आला. जीपवर उभा, गळ्यात तीन हार. याद्यांमधली बोगस नावं काढा, खऱ्या माणसाचं एकही मत वाया जाता कामा नये, असं तो म्हणत होता. म्हणणं चुकीचं नव्हतं. कर्ण्यातून आल्यामुळे खरं वाटायला वेळ लागत होता, इतकंच.

वडिलांनी खालून विचारलं, "आणि निवडणूक घ्यायला जातात त्यांच्या मताचं काय?"

"तुमचं पोस्टानं येतं ना, गुरुजी?"

"आम्ही पाठवतो. पोचतं का, ते निवडून आलात की बघून सांगा."

लोक हसले. उमेदवारानं वाकून त्यांच्या गळ्यात एक हार घातला आणि जीप पुढे गेली. आईनं तो देवाला घालायला साफ नकार दिला. "आधी कुणाच्या गळ्यात होता, पाहिलंय मी."

तो निवडून आला. बघून काही सांगितलं नाही.

वडील निवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला ते सकाळी सातच्या आधी नगरपालिकेच्या शाळेत रांगेत होते, इस्त्रीचा सदरा घालून. ते नको म्हणाले तरी मी बरोबर गेलो. आत पत्रिका नव्हतीच, यंत्र होतं. बटण, लांब शिट्टी, संपलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "फारच लवकर होतं हे." मग बोटाकडे बघत हळूहळू चालत घरी आले.

आईनं दारातच गाठलं. "अहो, कुणाला दिलंत?"

"गुप्त असतं."

"चाळीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी!"

"म्हणूनच."

नंतर मीही विचारलं, दोनदा. दोन्ही वेळा हसले. पुढची निवडणूक त्यांना मिळाली नाही. अलीकडे मी मत द्यायला उभा राहतो तेव्हा बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबतो. त्यांनी काय केलं असेल, याचा अंदाज बांधतो. बांधता येत नाही. मागची रांग कुरकुरते.