टेकडीवरच्या येशूचे डोळे

आमचे हे पाथरवट होते. पाटे-वरवंटे, बैलांच्या पाण्याची डोणी आणि कुणी सांगितलाच तर एखादा मारुती, एवढाच धंदा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वाशीमकडच्या एका पादरीसाहेबांनी कागदावरचं चित्र दाखवलं आणि आमच्या गावच्या टेकडीवर चार पुरुष उंचीचा येशू उभा करायचा म्हणाले. मी तोंडाला पदर लावून हसले. हे हसले नाहीत. चित्र उलटंसुलटं करून त्यांनी विचारलं, "मांगून कसा दिसते हा?" ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

टेकडीचाच काळा दगड काढला. पाय, धड, हात, डोकं सगळं वेगवेगळं घडवलं. सांध्यांत लोखंडी सळया घालून वितळलेलं शिसं ओतलं. दोन वर्षं गेली. पोहरादेवीच्या यात्रेहून परतणारे लोक गाड्या थांबवून वर बघत.

डोकं कप्पीने चढवायची वेळ आली तेव्हा भांडण पेटलं. चेहऱ्यावर फक्त बुबुळं कोरायची राहिली होती. साहेब म्हणत, तीही खालीच कोरा, वर जीव धोक्यात कशाला घालता? मला ते पटलं होतं. पण आमच्यात मूर्ती जागेवर उभी राहिल्याशिवाय तिचे डोळे उघडत नाहीत. शिवाय दुसऱ्या बुबुळावर शेवटचा टोला पडताना कुणीतरी मूर्तीसमोर आरसा धरतो. तिची पहिली नजर आरशाने झेलायची, नाहीतर ती टाकी-हातोडी धरणाऱ्यावर पडते.

"ही पूजेची मूर्ती नाही. हिच्यात कुठलीही शक्ती येत नसते," साहेब पुस्तकी मराठीत म्हणाले. "आरसा मी चालू देणार नाही."

"तुमच्यासाठी नसन येत," हे म्हणाले. "मी दगड तुमच्या धरमानं नाही फोडत, साहेब."

शेवटी वर चढून डोळे उघडायची परवानगी मिळाली, आरशाची नाही.

ह्यांचा डावा डोळा एका मारुतीने नेला होता. गिऱ्हाइकाला घाई, म्हणून त्या दिवशी आरसा धरला नव्हता, आणि शेवटच्या टोल्याला दगडाची चिलपी उडून सरळ बुबुळात शिरली. लोकांनी खुशाल योगायोग म्हणावं. ते रक्त मी माझ्या पदराने पुसलं होतं, मला कुणी शहाणपण शिकवू नये. आता उरलेला एक डोळा घेऊन हा माणूस आरशाशिवाय वर निघाला होता.

मी घरातला वीतभर आरसा पोटाशी खोचला आणि ह्यांच्या मागोमाग बांबूच्या परांचीवर चढले.

"तू काहून आली?" हे ओरडले. "उतर खाली!"

"मी पडली त दुसरी करा. टाकी चालवा तुमी."

वारा सुटला होता. बांबू करकरत होते. सुंभाची एक गाठ सैल झालेली मी पाहिली आणि गप्प राहिले. समोर येशूचा चेहरा, रांजणाएवढा. पहिलं बुबुळ झालं. दुसरं संपत आलं तशी मी आरसा बाहेर काढला. तो चमकलेला पाहून खालून साहेब मोठ्याने ओरडले. मी दचकले आणि घामेजलेल्या बोटांतून आरसा निसटला. तो फुटल्याचा आवाज यायलाही वेळ लागला.

एक डोळा उघडून मूर्ती तशीच सोडता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ह्यांनी हातोडी उचलली. टाकी बुबुळावर टेकवली.

"बाजूले हो," ते हळूच म्हणाले.

मी झाले नाही. ह्यांच्या आणि त्या दगडी चेहऱ्याच्या मधे तोंड घातलं आणि बुबुळाकडे सरळ पाहत राहिले. भीती वाटली, फार वाटली. इतकी, की देवाचं नावही आठवेना, ना आमच्या, ना त्यांच्या.

"हट तिथून! डोया जाईन तुहा!"

"मारा," मी म्हटलं.

टोला पडला. चिलपी माझी भुवई चिरून गेली.

खाली उतरले तर साहेबांचे डोळे भरून आलेले. आरसा मी आपणहून टाकून दिला आणि येशूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन प्रार्थना केली असं त्यांना वाटलं. पुढे कित्येक दिवस ते कौतुकाने सगळ्यांना सांगत. मीही कधी खरं सांगितलं नाही.

घरी ओट्यावर बसून माझ्या भुवईत हळद दाबताना हे फुटले. "काहून आडवी आली तू? आरशाच्या जागी कोनी मानूस धरते काय?"

मीही चिडलेलीच होते. "तुमचा हा बी डोया गेला असता, त मंग मले कोनं पाह्यलं असतं?"

रक्त थांबलं, तरी हे माझ्याकडे पाहत हळद दाबून बसून राहिले.