कीविटझीक आडनावाचे दोन ठिपके

"मग ह्यो दुसरा ठिपका कुनाचा म्हनायचा?"

अल्विननं नकाशावर बोट टेकवलं, तसा डॉक्टर टेमेबाईंनी नकाशा हळूच आपल्याकडं ओढला. बोटाला गाईंच्या सडाला लावायच्या मलमाचा चिकटा होता. बाई शहरातल्या विद्यापीठातल्या. कुठलं आडनाव कुठून निघालं आणि कुठवर गेलं, एवढंच त्यांचं आयुष्यभराचं काम. बाकीची माणसं दूध, डुकरं नाहीतर मुलं मोजतात, या आडनावं मोजतात.

"तो ब्रेमरहाफेनचा," बाई म्हणाल्या. "लेन्नार्ट कीविटझीक. एकतीस वर्षांचा आहे. घरांची छपरं घालतो. मी बोलले त्याच्याशी फोनवर."

"आनि बाकीचं?"

"बाकीचं कुणी नाही. अख्ख्या जर्मनीत दोन ठिपके. एक तो, एक तुम्ही."

"म्हंजी घोड्यांची जोडी झाली म्हना की," अल्विन म्हणाला. "एक नांगराला, एक खाटकाला."

बाई हसल्या आणि कॉफीचा घोट घेऊन सांगायला लागल्या. अल्विनला त्यातलं निम्मं ठाऊक होतं, पण आपल्याच घराचं कुणी परक्यानं सांगितलं की माणूस ऐकतो. कीविट म्हणजे टिटवी, झीक म्हणजे पाणी धरून बसणारी खोलगट जमीन. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी त्या खोलगटीच्या काठाला घर घातलं. घराला जे नाव पडलं तेच आतल्या माणसांना चिकटलं. आता टिटव्या नाहीत. अल्विनच्या सासऱ्यानं, हार्मनं, जमिनीत नळ घालून पाणी ओढ्याला सोडलं, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. नाव तेवढं ओलं राहिलं.

मग बाईंनी विचारलं की तुमचे पणजोबा याच घरात जन्मले का.

"माझा पणजा? त्यो वरल्या आळीचा मायर. मीबी मायरच. ह्ये नाव मला गायींसंगं मिळालं."

बाईंच्या तोंडावर नाराजी येईल असं त्याला वाटलं होतं. उलट त्या खूश झाल्या. त्यांनी चर्चची जुनी दफ्तरं बघितली होती. कीविटझीकांच्या घरात नऊ वेळा मुलगा नव्हता, नऊ वेळा जावई आला आणि आपलं नाव वेशीबाहेर ठेवून आत शिरला. या मुलखाची रीतच तशी. नाव जमिनीचं, माणूस ते चार दिवस अंगावर घालून जातो. आणि धाकटे भाऊ बाहेर पडले, की ज्या शेतावर जावई होतील तिथलं नाव घेतात. म्हणजे कीविटझीक घराबाहेर पडला की कीविटझीक उरायचाच नाही. म्हणून हे आडनाव कधी पसरलं नाही. दुसरी आडनावं गावोगाव रुजली, हे एका उंबऱ्यावर बसून राहिलं. पुढं सरकारनं कायदा केला की जन्मलास त्या नावानं मर, तेव्हा कुठं एक धाकटा हे नाव घेऊन बंदराच्या गावी पिंपं बनवायला गेला. त्याच्या वंशातला हा छपरं घालणारा. अमेरिकेला निघालेले दोघं जहाजावरच तापानं गेले.

"रक्ताचं म्हणाल तर हे नाव नऊ वेळा तुटलंय," बाई म्हणाल्या.

"तुटलं न्हाई, म्याडम. मानसं बदलली. दार त्येच हाय."

दार तेच होतं खरं. घराचं आणि गोठ्याचं मिळून एकच मोठं दार, गवताची गाडी आत जाईल एवढं, आणि वरच्या तुळईवर कोरलेलं नाव आणि साल. लग्नाच्या आदल्या दिवशी हार्मनं अल्विनला त्या तुळईखाली उभं केलं होतं. म्हातारा बोलायला कंजूष. तो म्हणाला, "मायर म्हनून आत येऊ नगंस. आनि जाताना दार बिननावाचं सोडू नगंस." अल्विन 'व्हय' म्हणाला. बाविशीत माणूस कशालाही व्हय म्हणतो, आणि हार्मची लेक गेझीन, त्याची होणारी बायको, आत चुलीपाशी उभी होती. तिच्यासाठी तो घोड्याचंही नाव घ्यायला तयार होता. बायकोचं आडनाव लावायची मुभा कायद्यानं नुकतीच दिली होती. अल्विनची आई मात्र लग्नानंतर या शेतावर कधी आली नाही. मी मायर जन्माला घातला होता, टिटवी नाही, एवढं बोलून ती वळली ती वळलीच.

गेझीन जाऊन चार वर्षं झाली होती. मूल झालं नाही. अल्विन सहासष्ट वर्षांचा, गाई अठ्ठावीस. त्याच्यामागं कुणी आलं नाही तर शेजारचा बडा शेतकरी ओसरीपर्यंत मका पेरणार हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. अल्विनला मरणाचं काही वाटत नव्हतं. हार्मला दिलेलं 'व्हय' तेवढं फेडायचं राहिलं होतं. म्हणून दुसरा ठिपका दिसला आणि त्याला रात्रभर घोरत पडायचं सोडून छताकडं बघत पडायची पाळी आली.

त्याच्या डोक्यात हिशेब जुनाच होता. शेत रिकामं पडलं की नावाचा माणूस बोलवायचा, आणि नावाच्या माणसानं यायचं. पूर्वी असंच चालायचं. ज्याचं नाव कीविटझीक, त्याचा कीविटझीकच्या गाईंवर हक्क आहे आणि गाईंचा त्याच्यावर. यात विचारायचं काय? त्यानं विनंती केलीच नाही. कॅलेंडरमागचा कागद फाडून लिहिलं:

"नावाचा तूच उरलास. इथली जागा रिकामी होतीय. गवताच्या पहिल्या कापणीआधी ये. येताना गमबूट आण."

टेमेबाईंनी दिलेल्या पत्त्यावर पत्र टाकलं आणि तो वाट बघायला लागला. वाट बघतोय हे कुणाला दिसू नये म्हणून पोस्टमन यायच्या वेळेला मुद्दाम गोठ्याच्या मागं जायचा. पण वरची खोली त्यानं उघडली, गादी उन्हात टाकली, खिडकीतल्या मेलेल्या माश्या झाडल्या. दूध न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरनं गादी बघून विचारलं की पाहुणी कोण येतीय. अल्विन म्हणाला, "तुझी सासू."

मे महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी लेन्नार्ट आला. उंच, मान उन्हानं भाजलेली, एका हाताचा अंगठा कधीतरी हातोड्याखाली आलेला. अल्विननं आधी हात बघितले. हात बरे होते.

"पत्र वाचून मला वाटलं कुणी वारलंय," लेन्नार्ट म्हणाला.

"वारलंय की. चार वर्सं झाली."

पोरानं गाडीच्या मागून गमबूट काढले. कोरे, दुकानाची चिठ्ठी अजून लोंबत होती. का आणलेस असं अल्विननं विचारलं नाही. जो माणूस सांगितल्याप्रमाणे बूट आणतो तो सांगितल्याप्रमाणे राहीलही, असं त्याला वाटून गेलं. त्यानं सगळं दाखवलं. दूध काढायची जागा, वासरं, गवताचा माळा, ओढ्याकाठची ती खोलगट जमीन जी नळ घालूनही मार्चमध्ये ट्रॅक्टर गिळते. लेन्नार्ट चांगलं ऐकत होता. एका वासरानं त्याची बोटं चोखायला घेतली तेव्हा त्यानं हात मागं घेतला नाही. मोठ्या गाईंच्या रांगेतून जाताना मात्र तो भिंतीला पाठ लावून सरकत होता. अल्विननं तेवढं बघायचं टाळलं.

मग तुळईखाली उभा राहून लेन्नार्टनं नावाचा फोटो काढला. एकच काढला आणि फोन खिशात टाकला.

आत टेबलावर लोण्याचा केक होता, काल बेकरीतून आणलेला. लेन्नार्टनं एक तुकडा संपवला, ताटलीवरची साखर बोटानं गोळा केली आणि मग बोलला. सप्टेंबरात त्याचं लग्न आहे. मुलीचं नाव स्वेया, ती इस्पितळात काम करते, नोव्हेंबरात बाळ येणार आहे. तो स्वेयाचं आडनाव घेणार आहे. अर्ज देऊनही झाला. हे तोंडावर सांगावं, फोनवर नको, म्हणून तो आला होता.

अल्विननं कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती.

"नावात काय खोट हाय?"

"नावात नाही. हे नाव माझ्या बापाचं. तो घरी आला की आई कपाटाआड मला उभं करायची. दारावर पाटी होती पितळेची, कीविटझीक. शाळेतून आलो की ती बघून माझं पोट दुखायचं." लेन्नार्ट हे अगदी साध्या आवाजात सांगत होता, पन्हाळीचं माप सांगावं तसं. "माझ्या पोराच्या दारावर ती नको."

बापाचं नाव आणि शेताचं नाव वेगळं, असं सांगायला अल्विननं तोंड उघडलं होतं. नाव जमिनीचं असतं, बापाचा त्यात काय संबंध. पण ते शब्द बाहेर यायच्या आत लेन्नार्टनं विचारलं, "तुमचं आधीचं नाव काय होतं?"

"मायर."

चव्वेचाळीस वर्षांत हा शब्द त्यानं स्वतःसाठी उच्चारला नव्हता. टेमेबाईंपाशी बोलला होता, पण ते दफ्तराचं बोलणं. इथं तो टेबलावर पडला आणि तसाच राहिला.

"बायकोसाठी सोडलंत?"

"बायकोसाठी. गायींसाठी. दोनीसाठी."

"मग झालं तर," लेन्नार्ट म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तसा असता तर अल्विनला उत्तर देता आलं असतं. ज्यानं स्वतः नाव वेशीबाहेर टाकलं त्यानं दुसऱ्याला 'टाकू नको' कुठल्या तोंडानं सांगायचं? आईची वळलेली पाठ त्याला दिसली, काळा कोट आणि खाली उसवलेलं अस्तर. त्या वेळी त्याला आपलं काही चुकलंय असं वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं.

त्यानं कप बाजूला सारला. मग आयुष्यात कधी कुणापुढं केलं नव्हतं ते त्यानं केलं. हार्मला दिलेल्या शब्दातला अर्धा भाग स्वतःच मोडला.

"नावाचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बायकोचं लाव, कुनाचंबी लाव. गायी बगशील का? वरली खोली मोकळी हाय. बाळाला दूध हाय."

लेन्नार्टनं लगेच नाही म्हटलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. त्यानं खिडकीतून वर बघितलं. छपरं घालणारा माणूस घरात बसला तरी वर बघतो. स्वेयाची नोकरी तिकडं आहे, तिची आई तिकडं आहे, आणि आपण गाईंमध्ये आज पहिल्यांदा उभे राहिलो, तेही घाबरत, असं तो म्हणाला. थोडं थांबून पुढं म्हणाला, "खरं सांगू? छपराचे मुख्य वासे कुजलेत. पश्चिमेकडच्या तुळईत मघाशी चाकू रुतवून बघितला, बोटभर आत गेला. फार तर दहा हिवाळे."

"दहा मला पुरत्यात."

"तुम्हाला पुरतील," लेन्नार्ट म्हणाला.

बोलणं तिथं संपलं. आणखी एक तुकडा घे म्हटलं तर त्यानं घेतला, आग्रह मोडू नये म्हणून. मग शिडी कुठं आहे विचारलं. अल्विनला वाटलं मोजायला जातोय. पण पोरगं वर चढलं, हिवाळ्याच्या वाऱ्यानं सरकलेली सात कौलं परत बसवली, एक फुटलेलं काढून मागच्या ढिगातलं नवं लावलं, आणि अर्ध्या तासात खाली उतरलं. नळावर हात धुतले, बूट धुतले, गाडीत ठेवले. कीविटझीकच्या रक्ताचा माणूस त्या घरासाठी काय करून गेला असं कुणी विचारलं, तर सात कौलं, आठवं नवं.

लग्नाला या म्हणाला. अल्विन बघतो म्हणाला. सप्टेंबरात मका कापायचा असतो, दोघांनाही ते सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिर्ते माजावर आली. पाच वेतांची, गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय. रात्रीपासून दुसऱ्यांच्या अंगावर चढत होती. अल्विननं नेहमीप्रमाणे सहा वाजता फोन केला आणि दहाच्या सुमाराला गाय भरवायला येणारा डिर्क आला. वीस वर्षं तोच येतोय. गाडीतून बैलांचं वीर्य ठेवलेली, धुरकटणारी थंड टाकी उतरवली, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि विचारलं की मागचाच बैल घालू का, कालवडी चांगल्या निघतात त्याच्या.

अल्विन बिर्तेच्या शेपटीपाशी उभा होता. गाय भरली की नऊ महिन्यांनी वासरू, कालवड निघाली तर ती दुधाला यायला अजून दोन वर्षं. त्यानंतर तिची वेतं, आणि तोवर गोठा बघायला कुणी नाही. डिर्कचा हात हवेत थांबलेला.

"नगं," अल्विन म्हणाला.

"पुढच्या माजाला, एकवीस दिवसांनी येऊ मग?"

"येऊ नगंस."

"बाकीच्या?"

"त्याबी ऱ्हाऊ देत."

या गावांत एवढं बोललं की पुढचं विचारत नाहीत. डिर्कनं हातमोजा उलटा करून काढला, टाकीचं झाकण लावलं. शेजारच्याला कळवू का, त्याला चार गाई हव्यात, असं तो जाता जाता म्हणाला. कळव, अल्विन म्हणाला, पण दूध आटल्यावर, आत्ता नाही. डिर्कची गाडी वळून रस्त्याला लागली.

बिर्ते पुन्हा हंबरली आणि शेजारणीच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभी राहिली. अल्विननं तिच्या ढुंगणावर एक थाप मारली, भिंतीला लावलेलं खोरं उचललं आणि शेण ओढायला लागला. साडेदहा वाजले होते, अर्धी गव्हाण अजून झाडायची होती.