यादवकाकांचा घाट

यादव अहिरे यांचं काम लोकांच्या तोंडात असतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. अशोक स्तंभाजवळच्या एका डेंटल लॅबमध्ये ते तंत्रज्ञ आहेत. डॉक्टर दातांचं माप पाठवतात, काका त्यात प्लास्टर ओततात, साचा काढतात आणि त्यावर कॅप नाहीतर कवळी बनवतात. चांगली कॅप म्हणजे बसवल्यावर माणूस जी विसरून जातो ती. "चुकलं तर फोन येतो," काका सांगतात, "जमलं तर काहीच येत नाही." त्यामुळे त्यांना फोनचीच धास्ती बसली आहे. एखाद्या डॉक्टरचं नाव दिसलं, की उचलण्याआधी ते हात पँटला पुसतात.

गंगापूर रोडवर त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत एक घाट आहे. काका मूळचे इगतपुरीकडचे. लहानपणी शाळेतून येताना ते मालगाडीला मागून रेटणारी इंजिनं बघत थांबायचे आणि घरी बोलणी खायचे. तोच घाट त्यांनी प्लायवूडवर उभा केला. कडे डेंटल प्लास्टरचे, झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, बोगद्याच्या तोंडाला दगडी कमान. त्या कमानीचा एकेक दगड दात कोरायच्या हत्याराने कोरलेला. छोटी विजेची गाडी बोगद्यात शिरते, पुलावरून वळते आणि परत येते. एरवी सगळ्यावर चादर असते. पाहुणे आले की चादर निघते आणि पाहुणे हात मागे बांधून बघतात. तसं सांगावंच लागतं. रंजनाकाकू म्हणतात, "आमच्या देवघराला हात लावलेला चालेल एक वेळ, त्या डोंगराला नाही."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, सातपूरला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो. रविवारी आम्ही काही जण जवळच्या एका हॉलमध्ये टेबलावर लढाया खेळतो. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, फासे आणि इंचाची टेप. आपली पाळी आली की शिपाई टेपने मोजून पुढे न्यायचा, फासा टाकून गोळी लागली की नाही ते ठरवायचं. शिपाई आम्ही विकत घेतो, रंगवतो. जमीन मात्र आमची अगदीच भिकार होती. हिरवी चादर आणि खाली पुस्तकं, म्हणजे डोंगर.

पुण्याचा एक गट आमच्याशी खेळायला येणार होता. आमच्या गटाची सूत्रं वेदिकाकडे असतात. ती आर्किटेक्ट आहे आणि कुणाकडेही काहीही मागू शकते. तिने खजिन्याच्या गाडीची लढाई रचली होती: गाडी घाट उतरतेय, बंडवाले कड्यावर दबा धरून आहेत, पहारेकरी गाडीत. ती सरळ काकांकडे गेली.

"काका, तुमचा घाट एका रविवारपुरता द्याल?"

"घ्या की," काका म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आपणच बोललो यावर त्यांचा विश्वास बसेना.

काकू नंतर मला जिन्यात म्हणाल्या, "तू तरी नाही म्हणायचंस रे. जेवण नाही त्यांना धड. आणि नाही पण म्हणत नाहीयेत. आजवर कुणी मागितलाच नव्हता ना तो डोंगर."

ते खरं होतं. काकांना भीती वाटत होती ती घाट मोडण्याची, आणि त्याहून जास्त भीती होती ती, तो कामाचाच नाही असं निघण्याची.

आम्ही शिपाई घेऊन मांडणी बघायला गेलो. पहिलं विघ्न मापाचं. काकांचं स्टेशन गाडीच्या मापाचं, शिपाई त्याहून उंच. आमचा मयूर गप्प बसणाऱ्यांतला नाही. "काका, हा तिकीट काढायला खिडकीत नाही, कौलातून हात घालतोय!" काका हसले आणि त्यांनी स्टेशन उचलून बाजूला ठेवलं. दुसरं विघ्न मोठं होतं. कड्यावर एकही शिपाई उभा राहीना. ठेवला की घसरायचा, खालच्या दोघांना घेऊन रुळावर यायचा.

"हा बघायचा डोंगर आहे," वेदिका म्हणाली. "खेळायच्या डोंगराला पायऱ्या लागतात. आपण थोड्या कापूया का?"

काकांनी चादरीचं टोक घट्ट धरलं. "कापायचं नाही. हे शिपाई इथेच राहू द्या. कोण कुठे उभा राहणार तेवढं दाखवा. मी बघतो."

आम्ही दाखवलं, त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. त्यानंतर खोलीचं दार बंद. आतून लॅबच्या बारीक ग्राइंडरचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. काकू दारावर थाप मारून म्हणायच्या, "अहो, चहा," आणि आतून उत्तर यायचं, "धूळ आहे, येऊ नकोस."

रविवारी सकाळी घाट छोट्या टेम्पोत चढवला. काका पुढे बसलेच नाहीत, मागे प्लायवूडला धरून उभे राहिले. हॉल जेमतेम पुढच्या चौकात, पण प्रत्येक गतिरोधकाला ते "हळू, हळू" म्हणत होते आणि ड्रायव्हर म्हणत होता, "काका, याच्याहून हळू म्हणजे बंदच."

हॉलमध्ये चादर निघाली आणि पुण्याची मंडळी टेबलाभोवती गोळा झाली. एकाने चष्मा काढून कमान पाहिली. काका फोटो बघून एकेक शिपाई कड्यावर ठेवत गेले, आणि प्रत्येक शिपाई उभा राहिला. नुसता उभा नाही, घट्ट. मी टेबलाला मुद्दाम जरा धक्का दिला, एकही हलला नाही.

"कसं केलंत?" वेदिकाने विचारलं.

काकांनी खिशातून निळ्या कागदाची पट्टी काढली. कॅप बसवल्यावर दातांमध्ये ही धरून चावायला सांगतात. जिथे टेकतं तिथे निळा डाग पडतो, तेवढंच घासायचं. काकांनी प्रत्येक शिपायाखाली ती पट्टी धरून दाबली होती, डाग घासला होता, परत दाबलं होतं. प्रत्येकाची बैठक त्याच्या पायांच्या मापाने बसेपर्यंत. कड्यावर बघितलं तर कुठे घासलंय ते दिसतही नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा लागला.

मी मात्र वेदिकाकडे पाहिलं, ती आधीच माझ्याकडे बघत होती. काकांनी आमचा खेळ कधी पाहिला नव्हता. शिपाई चालतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सांगायचं कसं? बंडवाल्यांच्या बाजूने मयूर आणि पुण्याचा एक मुलगा होते. त्या मुलाने टेप लावली आणि त्यांचा नाईक उचलून चार इंच खाली ठेवला. नाईक क्षणभर थांबला, मग घसरला. मुलाने एकाच्या बैठकीत दुसरा ठेवून पाहिला, तो कलंडला. ती बैठक त्याची नव्हती.

काका पुढे झाले. "हा इथला नाही. हा तिथे वर."

"पण काका, तो आता खाली उतरलाय ना. पुढच्या पाळीत गाडीपर्यंत जाईल."

"म्हणजे... सगळे हलतात?"

"सगळे," मयूर म्हणाला.

काकांनी हात पँटला पुसले.

पुण्याचा मुलगा भला होता. "आपण नियम करू," तो म्हणाला. "घाट निसरडा आहे. उतरताना फासा टाकायचा, कमी पडलं तर शिपाई पडला." सगळ्यांनी घाईघाईने होकार दिला. पण दोन पाळ्यांतच कळलं, की लढाई होतच नाहीये. फासा काहीही पडो, सगळेच घसरत होते. पहारेकरी गाडीत बसून वाट बघत होते. कुणीतरी हळूच विचारलं, "आपली हिरवी चादर आणलीये का?" काकांनी ते ऐकलं. ऐकलं नसल्यासारखं केलं, पण त्यांचा हात प्लायवूडच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला.

तेवढ्यात वरून सुटलेला एक शिपाई, शिशाचा, जड, बोगद्याच्या तोंडावर आदळला. टक् असा आवाज झाला. कमानीतला मधला दगड निखळून रुळावर पडला.

मयूरने दोन्ही हात मागे बांधले. मग आम्ही सगळ्यांनीच बांधले. काकांच्या मागच्या खोलीतल्या पाहुण्यांसारखे.

काकांनी तो तुकडा उचलून तळहातावर घेतला. आता ते चादर मागतील असं मला वाटलं. त्यांनी आमच्या मागे बांधलेल्या हातांकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि त्यांचा चेहरा कसातरीच झाला.

"हात सोडा," ते म्हणाले. "वेदिका, पायरी केवढी लागते?"

"काका, राहू द्या. आम्ही आज दुसरं काहीतरी—"

"केवढी?"

तिने शिपायाचा तळ दाखवला. "याच्याएवढी रुंद. सलग. कुणीही कुठेही थांबू शकेल अशी."

काकांनी पिशवीतून ग्राइंडर काढला. चुकलंमाकलं तर असावा म्हणून आणला होता. वायर पुरेना, मी एक्स्टेन्शन धरून उभा राहिलो. ग्राइंडर सुरू झाला, पण पहिल्यांदा काकांना तो कड्याला लाववेना. तोंडात काम करताना डॉक्टर पेशंटच्या हनुवटीवर एक बोट टेकवतात, तसं त्यांनी कड्यावर बोट टेकवलं. मग पांढरी धूळ उडाली. वरच्या बैठकीपासून सुरुवात करून ते तिरके खाली येत गेले. स्वतःच घासलेल्या, न दिसणाऱ्या बैठका एकामागून एक त्या वाटेत गेल्या. रंगवलेल्या तपकिरी कड्यावर एक पांढरी वाट उमटली, घाटातल्या गुरांच्या वाटेसारखी.

ते मागे सरले. नाईक उचलून वाटेच्या मधोमध ठेवला. तो उभा राहिला. त्याच्या जागी पहारेकरी ठेवला. तोही राहिला.

"कुणाची पाळी?" काकांनी विचारलं.

खेळ दुपारपर्यंत चालला. काका बसले नाहीत. कुणी घाटावर वाकलं की ते त्याच्या कोपराकडे बघायचे, शर्टाची बाही झाडाला लागली की श्वास रोखायचे. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांनी तो न बघताच मला दिला. "मोडला का?" काकूंनी विचारलं. "थोडा," मी म्हणालो. "आणि ते?" मी बघितलं. काका मयूरला पांढऱ्या वाटेवर बोट ठेवून दाखवत होते, की इथून उतरलास तर बोगद्यातून गाडी निघायच्या आत पोहोचशील.

गाडी निघाली. मयूर पोहोचला नाही.

परत नेताना वेदिकाने कमानीचा तुकडा चिकटवू का विचारलं. काकांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. "कड्याला अजून दोन वाटा लागतील," ते म्हणाले, "तुम्ही पुढच्या वेळी पलीकडून उतराल ना?" आणि टेम्पोत मागे उभे राहून त्यांनी परत प्लायवूड दोन्ही हातांनी धरलं.