पुसलं म्हणालो, तो डाग

आमच्या वहिनींना कारखान्यात सगळे दुर्बीणबाई म्हणतात. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे! दूध तापवण्याआधी पातेलं उजेडात धरून बघणारी बाई, तिला नोकरीही नेमकी तपासणीची मिळाली.

त्यांचं यंत्र टेराहर्ट्झ किरणांचं. आमच्याकडे बनतं ते हेलिकॉप्टरचं पातं असतं काचतंतूंचं, आत फोम. किरण त्यातून आरपार जातात आणि आतली खोट पडद्यावर दाखवतात. फक्त पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही, ओल असली की तिथे काळा डाग दिसतो. यंत्रावर चढवण्याआधी पातं ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. हे काम माझं.

काल शेवटच्या पात्यात बोटभर डाग दिसला.

"भावजी, पुसलंत ना हे?"

कुठलं पुसतोय! कंटाळा आला म्हणून मी त्याला फडकंही लावलं नव्हतं. पण चारचौघांत कबूल कोण करणार?

"पुसलं की, वहिनी. कोरडं फडकं फिरवायचं राहिलं असेल."

त्यांना ते नीट वाळवून तासाभराने पुन्हा बघायचं होतं. पण बाहेर ट्रक उभा, साहेब डोक्यावर. पुरात अडकलेल्यांना काढणारं हेलिकॉप्टर या पात्यासाठी खोळंबलं होतं.

"भावजी म्हणतायत ना, मग वरचीच ओल," असं म्हणून त्यांनी सही केली.

ट्रक गेला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पुसलंच नाही, तर पाणी आलं कुठून? आतलंच ते! आणि आत पाणी मुरलेलं पातं उडताना फुटू शकतं. एवढं कळूनही मी गप्प बसलो, नोकरीच्या भीतीने. आज दुपारी मात्र डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. तसाच उठून वहिनींकडे गेलो, सगळं ओकून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. थेट फोनकडे धावल्या. हेलिकॉप्टरच्या तळावर कुणी उचलेना. एकदा, दोनदा, चारदा. शेवटी कुणी मेकॅनिक बोलला, "पातं कालच बसवलं, बाई. आत्ता निघतायत, तिघं आत बसलेत."

"उतरवा त्यांना! आधी उतरवा!"

मग नुसती खरखर. रिसीव्हर आम्ही दोघांनी मिळून कानाशी धरला. किती वेळ गेला देव जाणे. मग तो म्हणाला, "उतरले."

मी जमिनीवरच बसलो.

साहेब आले. "चूक कोणाची?"

"सही माझी आहे," वहिनी म्हणाल्या. मी मध्येच ओरडलो, खरं ते सांगितलं. साहेबांनी दोघांनाही घरी पाठवलं, निकाल उद्या.

फाटकापाशी मी म्हणालो, "वहिनी, शिव्या घाला, पण बोला काहीतरी."

"राग नाही आला, भावजी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "या घरात आल्यापासून तुमचा एकही शब्द मी तपासून घेतला नव्हता."