खांबावरची धडधड

मी वीज कंपनीत लाईनमन. दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला. घरीच पडून राहिलो, उठलो, कामावर गेलो. ऑक्सिजन लागला नाही म्हणून घरचे निर्धास्त झाले. पण नंतर गच्चीवरची टाकी बघायला चढलो तरी छाती धडधडू लागली. कधी नुसतं जेवून उठताना. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो बरोबर आला. "अशक्तपणा आहे, अंडी खा," म्हणाले. आमच्या घरात अंडं शिजत नाही. बायकोनं शेंगदाण्याचे लाडू केले.

एका दुपारी माकणीच्या शिवारात तारेचा जोड जळाला होता. सबस्टेशनला सांगून लाईन बंद करून घेतली आणि मी खांबावर चढलो. खाली माझा जोडीदार होता, वयानं मोठा. त्यांना मी दाजी म्हणतो.

जोड बसला. पक्कड कमरेला अडकवताना छातीत एकदम धडधड सुटली. आतून कुणीतरी दारावर थापा मारतंय आणि थापांना ताल नाही, असं. खालचा ऊस पिवळा दिसला, मग काळा. पाय कुठं टेकलेत ते कळेना. मी खांबाला बांधलेल्या कमरेच्या पट्ट्यावर अंग सोडलं.

"उतर की! झालं न्हवं?"

"दाजी, उतरता येईना."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सबस्टेशनवरून विचारत होते, लाईन सोडू का? शेतकऱ्यांचे फोनावर फोन येत होते.

"माणूस वर हाय!" दाजी ओरडले. "म्या सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाय!"

ते ऐकून तर काळीज आणखीच पळायला लागलं. दाजी दोर घेऊन वर आले, माझ्या काखेतून आवळून बांधला.

"खाली बघू नगंस. माझ्याकडं बघ. डावा पाय सोड."

मला एकच भीती, मधेच काळीज थांबलं तर माझ्या वजनानं दाजीही खाली जातील. बांधावरून धावत आलेल्या दोघा शेतकऱ्यांनी खालून पाय धरले तेव्हा जमीन कळली.

मोटारसायकलवर मला मध्ये आणि त्यांतल्या एकाला मागं बसवून दाजींनी सास्तूरचा दवाखाना गाठला. गाडी चालवताना दाजी सारखे मागं वळून म्हणत, "बोलत ऱ्हा. पोरीच्या शाळंचं सांग." मला पोरीची इयत्ता आठवत नव्हती.

तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, ईसीजीचा कागद बघितला आणि विचारलं, "कोरोना होऊन गेलाय का?"

"व्हय. पण तो कवाच बरा झाला."

"आणि ही धडधड कधीपासून?"

"तवापासूनच."

त्यांनी लगेच सोलापूरला पाठवलं. तिथं कळलं, हृदयाच्या स्नायूला सूज होती, ठोके चुकत होते आणि रक्त ढकलायचा जोर कमी झाला होता. "कोरोनानंतर काहींना असं होतं," डॉक्टर म्हणाले. "आधीचा ईसीजी खोटा नव्हता. त्या वेळी ठोके बरोबर पडत असतील."

बायको खाटेजवळ आली.

"आता खांब न्हाय."

"बघू."

"बघू न्हाय. न्हायच."

गोळ्या चालू आहेत. सूज उतरली, जोर बराचसा परत आला, सगळा नाही. मला सबस्टेशनवर बसून करायचं काम दिलंय. दोन वाक्यं बोललो की कधी कधी दम घ्यायला थांबावं लागतं.

मागच्या आठवड्यात चहा पिताना दाजी सहज म्हणाले, "चढावर दम लागतोय गड्या जरा. वय झालं." त्यांनाही कोरोना होऊन गेलेला. मी कप खाली ठेवला आणि त्यांना तसंच सास्तूरला नेलं. छातीवर वायरी चिकटवताना एवढा खमक्या माणूस वर पंख्याकडं बघत राहिला. ईसीजी बरोबर आला.

"बग, काय न्हाय," ते सदरा घालू लागले.

"थांबा दाजी," मी म्हणालो आणि डॉक्टरीणबाईंकडं वळलो. त्यांनी दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र लावायला सांगितलं. काल ते काढलं. रिपोर्ट अजून यायचाय. सकाळपासून दाजींनी मला फोन केलेला नाही, आणि माझाही धीर होत नाही.