कॉलमातला लांब स्क्रू

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढे तर मुळीच नाही, आणि तेच जास्त वाईट. का ते पुढे कळेल. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सुरुवात करतानाच हात अडतोय, बघा.

साखळीला माझं गॅरेज आहे. वायरिंगचं काम. आता गुडघे दुखतात म्हणून मी स्टुलावर बसून नुसता ओरडतो, पण एके काळी अख्ख्या डिचोली तालुक्यात माझ्यासारखा वायरमन नाही असं लोक म्हणायचे. म्हणजे—मीच म्हणायचो, आणि लोक मान हलवायचे. खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. रस्ते लाल, गाड्या लाल, आमच्या शर्टांच्या कॉलरीसुद्धा लाल. काम इतकं होतं की जेवायला फुरसत नसे.

विश्रामदादा माझा मावसभाऊ. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. मी पोटासाठी गोव्यात आलो तेव्हा लाटंबार्शात त्याच्याच घरी राहिलो, त्याच्याच ताटाशेजारी जेवलो. वहिनी आधी मला वाढायची, मग त्याला. त्याच्याकडे माणसं नेण्या-आणण्याची जीप होती. दोडामार्गापासून साखळीपर्यंत त्याच्या फेऱ्या चालत. सावकाश चालवणारा माणूस. आम्ही त्याला चिडवायचो—दादाच्या जीपला म्हशीनेसुद्धा ओव्हरटेक केलं! तो हसायचा आणि वेग तेवढाच ठेवायचा.

त्याने नवी टर्बोची जीप घेतली, आणि माझ्या डोक्यात खूळ शिरलं. बेळगावला एका दुकानात मी बूस्ट गेज पाहिला होता. टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतो ते दाखवणारा गोल काटा. डायल काळी, आकडे पांढरे, आत छोटा निळा दिवा. असा काटा आमच्या भागात कुणाच्याच गाडीला नव्हता. विश्रामदादाला त्याचा काय उपयोग? काडीचा नाही. ज्याच्या गाडीला म्हैस मागे टाकते त्याने हवेचा दाब कशाला बघायचा? पण मला तो बसवायचा होता. स्टिअरिंगच्या कॉलमावर, अगदी ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे, म्हणजे गाडीत चढणारा प्रत्येकजण विचारील, हे काय, आणि दादा म्हणेल, आमच्या बाबल्याने बसवलं.

"माका कित्याक रे ह्या?" तो म्हणाला होता. "वारो मेजून मी काय करू?"

पण माझं मन मोडवेना त्याला. हौसेला मोल नसतं म्हणतात. तिला मोल असतं, हे मला नंतर कळलं.

काम केलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्या धुवून-पुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. त्यामुळे आदल्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा दिवा लागत नाही, कुणाची बॅटरी बसलेली, आणि सगळ्यांना आत्ताच्या आत्ता हवं. त्या गर्दीत मी दादाची जीप घेतली. इंजिनाकडून बारीक रबरी नळी आत आणली, दिव्याची तार जोडली, काटा कॉलमाच्या प्लास्टिकच्या कव्हरावर टेकवला. त्याच्याबरोबर चिकटपट्टी मिळाली होती. ती उन्हाने तापलेल्या प्लास्टिकवर धरेना. काटा सारखा खाली मान टाकायचा.

मग मी स्क्रू घ्यायला डब्यात हात घातला. आखूड स्क्रू संपले होते. लांब होता. त्या कव्हराच्या आत तारांचा जुडगा असतो, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? लांब स्क्रू तिथे मारायचा नाही, हे मी स्वतः पोरांना शिकवलेलं. पण दोन दुकानं पलीकडे जाऊन आखूड स्क्रू आणायचा म्हणजे—नाही, कारणं देत नाही. मी तो लांब स्क्रू मारला. शेवटच्या पिळाला हाताला काहीतरी मऊ लागलं. ते मला आजही हाताला जाणवतं.

मी हॉर्न दाबला. वाजला नाही.

परत दाबला. वाजला. परत दाबला, वाजला.

इथे मी थांबायला हवं होतं. पहिल्यांदा का नाही वाजला? मला माहीत होतं का नाही वाजला. पण दादाने तोवर नव्या काट्याचा म्हणून नारळ फोडला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि त्या निळ्या दिव्याकडे बघून एवढा खूश झाला होता की काय सांगू! "बाबल्या, ह्या विमानासारख्या दिसता रे!" असं म्हणून त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. दसरा झाला की उघडून बघू, असं मी मनात म्हटलं. दसरा झाला. मी काही बघितलं नाही.

आता वळणाचं सांगतो. लाटंबार्शाच्या अलीकडे चढ संपतो तिथे एक आंधळं वळण आहे आणि वळणावर राखणदाराची घुमटी, देव्हाऱ्याएवढं देऊळ. राखणदार म्हणजे त्या वाटेची, त्या शिवेची राखण करणारा आमचा देव. तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर एकदा हॉर्न वाजवतो. हा नमस्कार. हिंदू असो, क्रिस्तांव असो, खाणीचा ट्रकवाला असो—वाजवतोच. पण त्या नमस्काराचा आणखी एक उपयोग होता. वळणापलीकडून चालत येणाऱ्यांना त्याने गाडी कळायची. बायका डोक्यावर भाताचे भारे घेऊन त्या रस्त्याने येतात. भारा दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर येतो. पुढचं पावलाएवढंच दिसतं. घुमटीकडे हॉर्न वाजला की त्या आपसूक दरडीला लागून उभ्या राहतात. त्यांचे डोळे म्हणजे तो हॉर्न.

दसऱ्यानंतर कापणी सुरू झाली. एका सकाळी पार्वतीकाकी भारा घेऊन वळणावर येत होती. दादाच्या वाडीवरचीच, त्याला लहानपणापासून ओळखणारी बाई. दादाची जीप चढ चढून आली, वळली, आणि काकी रस्त्याच्या मधोमध होती. त्याने ब्रेक मारला म्हणून ती वाचली. खुबा मोडला. भात सगळं रस्त्यावर सांडलं.

दादा एकच सांगत होता. "मी हॉर्न दाबलंय. आईशप्पथ दाबलंय. वाजूक नाय." पोलीस आले. त्यांनी जीपचा हॉर्न दाबून बघितला. वाजला. दुसऱ्याने दाबला, वाजला. तार पुरती तुटली नव्हती ना. हॉर्न मनात आलं तर वाजायचा, नाहीतर नाही. पोलिसांनी एकमेकांकडे बघितलं, आणि लोकांनी दादाकडे. हॉस्पिटलात काकीला विचारलं तेव्हा ती बिचारी खरं तेच बोलली. "हॉर्न वाजलो असतो तर मी बाजूक रवलंय असतंय. वाजलो नाय." तिचं खरं, त्याचंही खरं. आणि दोन्ही खरी कशी, हे सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

वाडीवर बोलणं सुरू झालं. विश्रामला नवी गाडी चढली. राखणदाराला नमस्कार करायलाही वेळ नाही आता त्याला! त्या निळ्या काट्याकडे बघत बसला असेल. दिलं दाखवून देवाने.

जीप दुरुस्तीला माझ्याकडे आली. मी गॅरेजातल्या सगळ्यांना चहाला पाठवलं आणि कॉलमाचं कव्हर उघडलं. स्क्रूचं टोक हॉर्नच्या तारेत घुसलेलं. तांब्याचे एक-दोन केस तेवढे धरून होते, बाकी सगळे कापलेले. मी ते किती वेळ बघत बसलो ते आठवत नाही. त्या क्षणी दादाला हाक मारायची होती फक्त. तो बाहेर पायरीवरच बसला होता. बस्स, एवढंच—दादा, हे बघ.

मी तार डागून घेतली. टेप गुंडाळली. आखूड स्क्रू मारला.

तो आत आला. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती, असा चेहरा. "पळयलंस? हॉर्नाचा काय होता काय रे?"

"काय नाय दादा," मी म्हटलं. "एकदम बरो आसा."

हा माझा गुन्हा. स्क्रू मारला तो निष्काळजीपणा, त्याला लोकांनी माफही केलं असतं. पण हे पाच-सहा शब्द मी डोळ्यांत डोळे घालून म्हटले. कशासाठी? माझं नाव जाईल म्हणून. तालुक्यातला एक नंबरचा वायरमन, आणि आखूड-लांब स्क्रू कळत नाही त्याला, असं कुणी म्हणू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी खूप शोधलं, नव्हतं.

दादाने आत हात घालून एकदा हॉर्न दाबला. वाजला. मग म्हणाला, "मगे मीच विसरलंय असतलंय."

तिथपासून तो स्वतःवरचा विश्वास घालवून बसला. तुम्हाला कल्पना आहे का, आपलं बोट बटणावर होतं हे आठवत असताना, नव्हतं असं स्वतःला पटवणं म्हणजे काय? तो रोज थोडं थोडं पटवत गेला. त्या सकाळी मी कसल्या विचारात होतो रे, असं मलाच विचारायचा. शेवटी त्याने कारण शोधून काढलं. त्या सकाळी म्हणे वहिनीशी चुलीतल्या ओल्या लाकडांवरून बाचाबाची झाली होती. त्याच रागात आपण हॉर्न विसरलो. हे त्याने वहिनीला बोलून दाखवलं नाही कधी, पण तिला कळलंच. ती बाई आधी किती बोलायची! तिची बडबड ऐकत आम्ही जेवायचो. नंतर ती मोजकं बोलायला लागली. भांडण तर त्या घरात परत झालं नाही. मी जायचो, जेवायचो, त्या शांततेत घास गिळायचो. ती अजूनही आधी मला वाढायची.

दादाने गाडी विकली. परत स्टिअरिंगला हात लावला नाही. विकण्याआधी काटा काढून घेतला आणि मला आणून दिला. "तुजी हौस होती ती, तुज्याकडेच रवांदे," म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा मारणारा माणूसच नव्हता तो. पुढे दरवर्षी कापणीला त्याने पार्वतीकाकीचं भात स्वतः कापलं, स्वतःच्या डोक्यावर वाहून तिच्या खळ्यात टाकलं. काकी काठी टेकत दारात यायची आणि त्याला पेज द्यायची. तिच्या मनात राग नव्हता. पण ती गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रडला तो विश्रामदादा.

आणि स्क्रू? तो मी परत त्याच डब्यात टाकला होता. स्क्रूसारखा स्क्रू. नंतर कुणाच्या तरी गाडीला लागला असेल.

आता ते देवापुढचं. अपघातानंतर दर दसऱ्याला दादा घुमटीवर नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे एकाने देवाला गाऱ्हाणं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा. तो हात जोडून म्हणायचा, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या लेकरान तुका नमस्कार करूक चुकवल्यान, ती चूक पदरात घी म्हाराजा." आणि आम्ही मागे उभे असलेले म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणायचो. दरवर्षी. त्याच्या अगदी मागे उभा राहून, मोठ्याने. चुकवल्यान—व्हय म्हाराजा. न केलेल्या चुकीचा तो कबुलीजबाब द्यायचा आणि साक्ष मी द्यायचो.

गेल्या पावसाळ्यात दादा गेला. शेवटी शेवटी बोलणं नीट कळत नव्हतं. मी पायाशी बसून होतो. वहिनी आत पाणी आणायला गेली होती. तेव्हा तरी सांगायचं. कुणी ऐकणारं नव्हतं, त्याच्याशिवाय. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याची चादर सारखी केली.

यंदा दसऱ्याला वहिनीने मला बोलावलं. "आता घरात मोठे तुमीच," म्हणाली. "गाऱ्हाणां तुमीच घाला. तेंची चूक एकदा कायमची पदरात घेवक सांगा." वाडीवरची माणसं जमली होती. झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या येत होत्या, घुमटीकडे हॉर्न वाजवून पुढे जात होत्या. मी नारळ ठेवला. हात जोडले. या वेळी तरी खरं तोंडातून येईल असं मला वाटलं होतं. त्या क्षणापर्यंत खरंच वाटलं होतं.

मी म्हटलं, "बा राखणदारा म्हाराजा, आमच्या विश्रामान तुका नमस्कार करूक चुकवल्यान, ती चूक पदरात घी म्हाराजा."

आणि मागून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यात वहिनीचा आवाज मला वेगळा ऐकू आला.