फॉर्मवरची फ्रेंच

‘तुमची मराठी किती शुद्ध आहे हो’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्यावर राग नसतो, माझ्यावर असतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते अमेरिकेत, पिस्कॅटवेला, मराठी मंडळाच्या दिवाळीत, पुण्याच्या एका काकूंच्या तोंडून. मी अकोल्याकडच्या बौद्ध वस्तीतला, घरी ‘मले’ आणि ‘तुले’ बोलणारा. काकूंना मात्र मी नाशिकचा आहे म्हणून ठोकून दिलं होतं. वर त्या शाबासकीनं मला गुदगुल्या झाल्या होत्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये झाडलोट करणारी बाई हैतीची होती आणि तिची क्रिओल भाषा हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. दुपारी तिची शिफ्ट संपली की ती आणि तिची सात वर्षांची पोर माझ्यासमोर येऊन बसायच्या. मी टेपरेकॉर्डर लावायचो, त्या बोलायच्या. बदल्यात मी तिचे इंग्रजी फॉर्म भरून द्यायचो.

सगळे क्रिओलला मोडकी फ्रेंच म्हणायचे. मी त्याच्या उलट सिद्ध करायला निघालो होतो. शब्द बहुतेक फ्रेंच, ते खरंच. आफ्रिकेतून हैतीत आणलेल्या गुलामांच्या कानावर फ्रेंच मालकाचेच शब्द पडले, दुसरे कुठून आणणार? पण वाक्य रचायची रीत बघा. ‘ली पोते लीव ला बा म्वें’, म्हणजे ‘तो आणणे पुस्तक ते देणे मला’. एकामागे एक क्रियापद ठेवत जायचं, हे पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांचं वळण. अश्रूंना ‘द्लो ज्ये’ म्हणायचं, म्हणजे डोळ्याचं पाणी. आमच्या वर्गातला नायजेरियाचा मुलगा हे ऐकून हसला आणि म्हणाला, आमच्या घरीही असंच म्हणतात. भांडी मालकाची, पण भाजी आईच्या हातची, असं मी मंडळात सगळ्यांना ऐटीत समजावून सांगायचो.

आणि ती पोर म्हणजे काय विचारता. एकदा तिनं आजीच्या बकरीची गोष्ट सुरू केली ती कॅसेटची एक बाजू संपली तरी थांबेना. बकरी, आजी, शेजारीण, सगळ्यांचे आवाज काढून दाखवले. मी ती कॅसेट वेगळी जपून ठेवली.

पुढच्या आठवड्यात बाई शाळेचा फॉर्म घेऊन आली. त्यात एक रकाना होता, घरी कोणती भाषा बोलता. मी ‘क्रिओल’ लिहायला पेन टेकवलं तर तिनं माझा हात धरला.

“फ्रेंच लिहा,” ती म्हणाली. “क्रिओल ही काय भाषा आहे का? गरिबाचं बोलणं ते. माझ्या पोरीला हसतील.”

दुसऱ्या कुणी तिला समजावलं असतं. मला समजावता येईना, कारण तिचं म्हणणं मला फार आतून कळलं. नाशिक सांगणारा माणूस तिला कोणत्या तोंडानं शिकवणार? मी सुवाच्य अक्षरात ‘फ्रेंच’ लिहिलं. फॉर्म भरणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली.

शाळेनं मग पोरीची परीक्षा घ्यायला फ्रेंचच्या शिक्षिका बोलावल्या. पोरीला एक अक्षर कळलं नाही, ती खाली मान घालून बसली. इंग्रजी तिला येत नव्हतंच. शाळेनं कळवलं की या मुलीला कोणतीच भाषा येत नाही, हिला मंदबुद्धीच्या मुलांच्या वर्गात बसवू. ते पत्र बाईनं माझ्याकडेच वाचायला आणलं. मी वाचून दाखवलं तेव्हा ती पत्राची घडी घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका शांतपणे ऐकत होत्या. क्रिओल ही पूर्ण भाषा आहे, तिची मुळं आफ्रिकेत आहेत, असं सगळं भाषण मी ठोकलं. त्यांनी माझ्यासमोर फॉर्म सरकवला.

“ही सही तुमचीच ना? मग तुम्ही फ्रेंच का लिहिलं?”

मी फॉर्म परत सरकवला. त्यांनीच पुढे विचारलं, “ठीक आहे. मुलीला नीट बोलता येतं याचा काही पुरावा आहे तुमच्याकडे?”

होता की. बकरीची कॅसेट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती, तीच ऐकवायला मी आलो होतो. पण कॅसेटवर माझ्याच आवाजात तारीख होती, फॉर्मच्या आधीची. म्हणजे माहीत असून मी खोटं लिहिलं होतं, ते सहीनिशी. स्टुडंट व्हिसावर असलेल्या माणसाच्या हे अंगाशी आलं तर? वस्तीतून इथवर पोचलेला मी पहिलाच.

“नाही,” मी म्हणालो.

पोर त्या वर्गात गेली. बाईनं माझ्याकडे येणं बंद केलं. कॉरिडॉरमध्ये भेटली तर ‘गुड आफ्टरनून, सर’ एवढंच म्हणायची, तेही बादलीकडे बघत. प्रबंधाला मात्र काही कमी पडलं नाही. माझ्याकडे भरपूर कॅसेटी होत्या.

वर्षभरानं सुपरमार्केटमध्ये ती पोर दिसली. मी हौसेनं तिला क्रिओलमध्ये विचारलं, आजीची बकरी कशी आहे? तिनं आधी आईकडे पाहिलं. मग तुटक इंग्रजीत म्हणाली, ती भाषा मी बोलत नाही.

माझ्या प्रबंधात क्रिओल ही पूर्ण भाषा असल्याचा जो सगळ्यात भक्कम पुरावा आहे, तो म्हणजे बकरीची गोष्ट. परीक्षकांनी तिचं फार कौतुक केलं. बोलणाऱ्याचं नाव द्यायचं नसतं, म्हणून खाली मी एवढंच लिहिलं होतं: मुलगी, वय सात, अस्खलित.